साळुंकीच्या चोचीतली काडी

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, भल्याथोरल्या उंबरावर, एक साळुंकी राहत असे. शेजारच्या घरट्यात काय चालले आहे हे कळल्याशिवाय तिच्या स्वतःच्या घशाखाली किडा उतरत नसे. कोणाचे कोणाशी बिनसले, कोणाच्या अंड्याला तडा गेला, कोणाचा नवरा काड्या आणायला म्हणून जातो आणि नदीकाठी गप्पा झोडत बसतो, हे सगळे तिला ठाऊक. तिची पिवळी चोच एकदा सुरू झाली की तिला दम लागत नसे, ऐकणाऱ्याला लागे. पण मन मात्र लोण्यासारखे. कोणाचे पिल्लू आजारी पडले तर न बोलावता पहिली हजर तीच.

त्या जंगलात पाखरांची एक जुनी रीत होती. पावसाळा सरता सरता पाखरांची जुनी पिसे झडतात आणि नवी येतात. त्या दिवसांत अंग उघडे पडते, धड उडता येत नाही, आणि लाजही वाटते. म्हणून ज्याची पिसे झडत असतील ते पाखरू पानांआड बसून राही. शेजाऱ्यांनी त्याच्या घरट्याच्या काठावर एखादे उंबर, एखादा किडा ठेवायचा आणि पाठ फिरवून निघून जायचे. आत डोकवायचे नाही, की काही विचारायचे नाही. "झडणाऱ्यानं लाजू नये, बघणाऱ्यानं लाजावं," असे म्हातारी पाखरे सांगत. ही रीत साळुंकीसुद्धा पाळी. तेवढ्यापुरती मान सरळ ठेवताना तिला काय कष्ट पडत, ते तिचे तिलाच माहीत!

पुढे जंगलाच्या काठावर एक उंच मनोरा उभा राहिला आणि घरट्याघरट्यात मोबाइल आले. कुठून आले, पंजात कसे धरले, ते विचारू नका मुलांनो, गोष्टीत येतात. उंबरावरच्या पाखरांनी 'उंबराचे शेजारी' नावाचा ग्रुप काढला. कावळा झाला त्याचा अ‍ॅडमिन. त्याचा 'शुभ सकाळ'चा मेसेज आल्याशिवाय सूर्य उगवत नाही, असे त्याला मनापासून वाटे. जो मागेल त्याला तो ग्रुपमध्ये घेई. सभासद वाढले की त्याची छाती फुगे.

साळुंकीच्या शेजारच्या फांदीवर बुलबुलबाईचे घरटे होते. तिच्या लेकीची पिसे यंदा पहिल्यांदाच झडत होती. साळुंकी रोज सकाळी घरट्याच्या काठावर एक पिकलेले उंबर ठेवी आणि पाठ फिरवी. पण एके दिवशी पाठ फिरवता फिरवता तिच्या लक्षात आले की कालचे उंबर तसेच पडले आहे. त्याच्या खाली परवाचेही, मुंग्या लागलेले. तेवढ्यात आत मोबाइल टिंग असा वाजला आणि पोर अशी दचकली की सबंध घरटे हलले.

साळुंकीने पाठ फिरवलेलीच ठेवली, पण पाय काही तिथून हलेनात.

"काय गं पोरी, उंबर गोड नाही का?"

"गोड आहे, मावशी."

"न खाताच कळलं?"

आत पाने सळसळली, पोर आणखी मागे सरकली.

"पोट बिघडलंय?"

"नाही."

"आई रागावली?"

"नाही गं मावशी. तू जा ना!"

पुन्हा टिंग. पुन्हा घरटे हलले.

"हा कोण मेला सारखा टिंगटिंग करतोय?" साळुंकी म्हणाली, आणि आतून एकदम हुंदका आला. "अगं, सांग तरी. मनात दाबून ठेवलेलं कुजतं."

"तुला कसं सांगू? तुला सांगितलेलं दुपारपर्यंत नदीपलीकडे जातं. तितरकाकूच्या घरचं भांडण कुणामुळे पसरलं?"

साळुंकीला ते फार लागले. कारण पोर खोटे बोलत नव्हती. साळुंकीने इकडेतिकडे पाहिले, घरट्याच्या बुडाशी पडलेली एक वाळकी काडी उचलली आणि पाठमोरीच उभी राहून ती वर धरली.

"ही बघ काडी. चोचीत काडी असली की पाखराला बोलता येत नाही, एवढं तर तुला ठाऊक आहे? तू बोलशील तोवर ही माझ्या चोचीत राहील. आणि नंतर तुझ्या परवानगीवाचून मी एक शब्द जरी बाहेर काढला, तर माझं घरटं वाऱ्यावर जावं."

तिने काडी चोचीत घट्ट धरली. मग पोर बोलू लागली.

तिला मोबाइलवर एक मैत्रीण मिळाली होती. आपण पलीकडच्या डोंगरावरची बुलबुल, असे ती सांगे. गोड बोले, रोज चौकशी करे. पोरीने तिला उंबरावरचे सगळे सांगून टाकले होते, कोण कुठे राहते, कोण कसे आहे. मैत्रिणीने तर कावळ्याला विचारून ग्रुपमध्येही जागा मिळवली. मग एक दिवस ती म्हणाली, "माझीही पिसं झडतायत गं. एकटीला किती कंटाळा येतो! तू तुझा फोटो पाठव, मग मी माझा पाठवते. आपल्या दोघींतच." पोरीला वाटले, आपल्यासारखीच कोणीतरी पानांआड बसली आहे, तिच्याशी कसली लाज? तिने फोटो पाठवला.

तिकडून फोटो काही आला नाही. आला तो वेगळ्याच सुरातला मेसेज. "उद्या सकाळी ऊन उंबराच्या शेंड्यावर यायच्या आत ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत एकटी ये. नाही आलीस, किंवा कुणाला सांगितलंस, तर हा फोटो तुमच्या ग्रुपवर. मग तुझी शेजारीण साळुंकी तुझं नाव कसं गावभर करते ते बघ."

साळुंकीच्या चोचीतली काडी कटकन मोडली. आपल्या जिभेचा धाक घालून कोणी एका लेकराला जाळीत बोलावतो आहे! ती खाली वाकली. तिने दुसरी काडी उचलली आणि पुन्हा चोचीत धरली, कारण पोरीचे अजून संपले नव्हते.

"मी एकदा जाऊन येते मावशी, म्हणजे सुटेन. नाहीतर सगळं पुसून टाकते आणि मोबाइल ओढ्यात फेकते. आईला कळलं तर ती माझं तोंड बघायची नाही."

पोरीचे सांगून झाले. साळुंकीने काडी अलगद खाली ठेवली.

"आता मी बोलू का?"

"बोल."

"जायचं कुठंही नाही आणि पुसायचं काहीही नाही. तू पुसलंस तरी त्याच्याकडचं राहणारच, मग त्याचा खोटेपणा दाखवायला आपल्याकडे काय उरलं? दोघांना सांगू या. एक तुझी आई, दुसरा कोतवाल. तू हो म्हणालीस तरच."

"आई मारेल."

"मध्ये मी बसते. माझ्या अंगावर मांस भरपूर आहे."

पोरीला रडता रडता हसू आले. "हो," ती म्हणाली.

बुलबुलबाई चारा घेऊन आली आणि सगळे ऐकून तिचा तुरा ताठ उभा राहिला. "तरी मी म्हणत होते, हिच्या पंजात तो मोबाइल देऊच नका! तूच गं, तूच स्वतःच्या हातानं..."

"बाई," साळुंकी मध्येच म्हणाली, "घरट्यात साप शिरला तर तू आधी पिल्लाला उचलतेस, की पानं कुणी बाजूला सारली याची चौकशी करत बसतेस?"

बुलबुलबाईचा तुरा हळूहळू खाली आला. ती आत शिरली. मग बाहेरच्या साळुंकीला फक्त पंख पसरल्याचा आणि पोरीने त्याखाली डोके खुपसल्याचा आवाज आला. तिने काही मान वळवली नाही.

कोतवाल म्हणजे काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. अंगाने लहान, पण घारीच्याही पाठीवर बसून टोचा मारणारा. म्हणून छोटी पाखरे त्याच्या झाडाजवळच घरटी बांधत. तो आला, रीतीप्रमाणे घरट्याकडे पाठ करून बसला आणि बुलबुलबाईने बाहेर दिलेला मोबाइल त्याने वाचला.

"फोटो मी उघडत नाही. मेसेज पुरेसे आहेत," तो म्हणाला. "पोरी, पाखरू पाखराला फांदीवर बोलावतं. पिसं झडलेल्या पाखराला जमिनीवर, काटेरी जाळीत बोलावणारा हा कुणीतरी चार पायांचा आहे. फोटो हे त्याचं आमिष. त्याला तू हवी आहेस."

बुलबुलबाईच्या तोंडून 'अगं आई गं' एवढेच निघाले.

"आता ऐक. त्याला उत्तर द्यायचं नाही. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून मला पाठव. आणि डोक्यात एक पक्कं ठेव, तू गुन्हा केलेला नाहीस. विश्वास टाकणं हा गुन्हा नव्हे, तो मोडणारा गुन्हेगार."

"पण त्यानं फोटो ग्रुपवर टाकला तर?" पोरीने विचारले.

कोतवाल म्हणाला, "कावळ्याला सांगून मी त्याला आत्ताच्या आत्ता ग्रुपमधून काढू शकतो. मग तो सावध होईल, जाळीत सापडणार नाही, आणि नवं नाव घेऊन दुसऱ्या एखादीला गाठेल. ग्रुपमध्ये राहू दिला, तर उद्या तू गेली नाहीस की तो फोटो टाकणार. तेव्हा तो जाळीतच बसलेला असेल. मी त्याला धरीन. पण सगळ्यांचे डोळे काही मला झाकता येणार नाहीत. फोटो तुझा आहे. तू म्हणशील तसं."

मग आतून बारीक आवाज आला. "मावशी, सगळे खरंच पाठ फिरवतील?"

साळुंकीला सगळ्या घरट्यांची खडान्‌खडा माहिती होती, आणि म्हणूनच तिला छातीठोक 'हो' म्हणता येईना. "मला संध्याकाळपर्यंत वेळ दे," ती म्हणाली आणि उडाली.

आजवर बातम्या वाटत ती ज्या फांद्यांवरून फिरली होती, त्याच फांद्यांवरून आज ती निरोप देत फिरली. उन्हे कलली तेव्हा उंबराच्या मोठ्या बेचक्यात सगळी पाखरे गोळा झाली. साळुंकीने बोलावले म्हणजे काहीतरी चटकदार असणार, म्हणून कोणी मागे राहिले नाही.

"उद्या सकाळी ग्रुपवर एक फोटो येणार आहे," साळुंकी म्हणाली. "आपल्यापैकी एकीचा, पिसं झडतानाचा. तिला फसवून घेतलाय, आणि आता तिला धमकावतायत."

"कुणाचा?" कावळ्याने मान पुढे काढली.

"ते सांगायला मी बोलावलेलं नाही."

"तू? आणि सांगणार नाहीस?" तितरकाकू म्हणाली. "सूर्य कुठं उगवलाय आज? माझ्या घरची भांडी वाजली तर तुझ्या चोचीला खाज सुटते!"

"सुटते. तुझं सांगितलं ते वाईट केलं, काकू. पण आजचं तसं नाही. आज आपल्या गप्पांच्या भरवशावर एक जण लेकराला खायला टपलाय."

शेजारच्या चिंचेखालून मोराने घसा खाकरला. "मुळात मुलींनी मोबाइल घ्यावाच कशाला? आमच्या वेळी—"

"मोरभाऊ, तुमचा पिसारा गळतो तेव्हा तुम्ही त्या चिंचेमागे तोंड लपवून बसता. मी तिथूनच रोज जाते. आजवर कुणाला बोलले का?"

"आत्ता बोललीस की!"

सगळा उंबर हसला. साळुंकीने जीभ चावली. "चुकले. पण बघा, तुम्ही लपता तेव्हा तुमचा फोटो कुणी काढला असता, तर आम्ही म्हणालो असतो का, की मोरानं पिसारा ठेवलाच कशाला?"

मोराने मान खाली घातली.

"मी एकदाच बघितलं तर काय बिघडतं?" कावळा म्हणाला. "अ‍ॅडमिन म्हणून. काय आहे ते कळायला नको?"

"अ‍ॅडमिन म्हणून त्या परक्याला आत तूच घेतलंस, चौकशी न करता," साळुंकी ठामपणे म्हणाली. "मला एवढंच सांगा, शेजारी कुणाची पिसं झडत असली की आपण काय करतो?"

फांदीच्या टोकाला बसलेली कबुतराच्या जातीची म्हातारी होली, जिला अलीकडे धड दिसतही नव्हते, तिने उत्तर दिले. "उंबर ठेवतो आणि पाठ फिरवतो."

"मग मोबाइलमध्ये दिसलं म्हणून रीत बदलते का?"

मग तितरकाकू पुढे झाली. "नाही बदलत. माझी पाठ फिरलेली असेल." तिच्यामागून एकेक आवाज उठला. शेवटी कावळा म्हणाला, "आला की मी डोळे मिटून पहिला पुसतो. आणि पुढं कुणी पाठवला तर ग्रुपच्या बाहेर." त्याच्या आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. हे ग्रुपवर लिहायचे नाही, जे बोलायचे ते तोंडाने, असेही ठरले.

साळुंकी घरट्यापाशी परतली आणि पाठमोरी बसली. "पोरी, मी सगळ्यांकडून शब्द घेतलाय. शब्द पाळतील असं मला वाटतं. पण ठरवायचं तू."

"राहू दे त्याला ग्रुपमध्ये," पोर म्हणाली. या वेळी आवाज बारीक नव्हता.

सकाळ झाली. ऊन उंबराच्या शेंड्यावर आले. पोर आईच्या पंखाखाली बसून होती. मोबाइल एकदा वाजला, "आली नाहीस? आता भोग!" आणि लगेच सबंध उंबरभर, फांदीफांदीवर, एकदम टिंग टिंग टिंग झाले.

साळुंकीचाही मोबाइल वाजला. काय आले आहे ते तिला ठाऊक होते, बघायची इच्छाही नव्हती. पण जन्माची सवय, मान आपोआप वळू लागली. तिने झटकन कालची काडी उचलली, चोचीत धरली आणि मोबाइलकडे पाठ केली. समोर पाहते तो काय! तितरकाकू पाठमोरी. मोर पाठमोरा. पोपट, सुतार, मुनियांचा सगळा थवा पाठमोरा. होली धड दिसत नसूनही पाठमोरी. कावळ्याने डोळे गच्च मिटून फोटो पुसून टाकला आणि "झालं!" असे ओरडला. एरवी एका क्षणात कोलाहल करणारा उंबर अगदी शांत होता. कोणी हसले नाही, कोणी विचारले नाही.

करवंदीच्या जाळीत बसलेला मात्र कान टवकारून वाट बघत होता. हसण्याचा आवाज येईना, म्हणून तो बावचळला.

तेवढ्यात कोतवालाने शीळ घातली. ही खूण आदल्या संध्याकाळी ठरली होती. उंबरावरच्या एकूण एक पाखराने त्या परक्या नंबरला फोन लावला आणि करवंदीची जाळी खणखण वाजू लागली! एक बंद होतो तोवर दुसरा. आतल्याने पंजाने दाबून पाहिले, अंगाखाली घेऊन पाहिले, पण जाळी काही गप्प बसेना. कोतवाल बाणासारखा आत घुसला आणि काटे तुडवत बाहेर पडला तो एक जाडजूड रानबोका!

"ही का पलीकडच्या डोंगरावरची बुलबुल?" तितरकाकू ओरडली. "मिशा बऱ्याच वाढल्यात गं बाई तुझ्या!"

मग काय विचारता! पाखरांचा सगळा थवा त्याच्यावर तुटून पडला. कोतवालाने नाकावर टोचा मारला, कावळ्याने शेपटी ओढली, साळुंकीने काडीसकट डोक्यावर चोच आपटली. बोका जीव घेऊन ओढ्यापार पळाला. त्याचा मोबाइल जाळीतच राहिला. कोतवालाने तो ताब्यात घेतला आणि पोरीने जपून ठेवलेल्या मेसेजांसह वनराजापुढे नेऊन ठेवला. बोक्याला त्या जंगलात पुन्हा पाऊल टाकायची बंदी झाली आणि त्याचे वर्णन आजूबाजूच्या सगळ्या जंगलांतल्या कोतवालांना कळवले गेले. त्या दिवशी दुपारी पोपटाची एक लेक कोतवालाच्या फांदीवर येऊन हळूच म्हणाली, "मलाही असा मेसेज आला होता. मी भीतीनं बोलले नव्हते." तिच्या मागोमाग आणखी एक आली.

काही दिवसांनी बुलबुलच्या लेकीला नवी पिसे आली. ती घरट्याबाहेर आली, तिने एक उंबर तोडले आणि साळुंकीच्या घरट्याच्या काठावर ठेवले. खाली बसलेल्या कावळ्याच्या पोटात मात्र अजून तोच प्रश्न घोळत होता.

"साळूबाई, आता सगळं निस्तरलं. आपल्यातच राहील. तो फोटो होता तरी कुणाचा?"

साळुंकीने एकदा पोरीकडे पाहिले. मग शांतपणे खाली वाकली, काडी उचलली आणि चोचीत धरली.

तात्पर्य : धमकावणाऱ्याची ताकद आपल्या भीतीत आणि इतरांच्या बघण्यात असते. म्हणून जिच्यावर प्रसंग ओढवला तिने काही न पुसता विश्वासाच्या माणसाला ताबडतोब सांगावे. आणि बाकीच्यांनी त्या फोटोकडे पाठ करून तिच्या बाजूने उभे राहावे.